समुद्रकाठचं मनमाड

द्राक्षबाग असलेल्या घरात सुट्टी वेलीला विचारून घ्यावी लागते. ऑक्टोबरची छाटणी झाली की फवारण्या सुरू होतात, मग मण्यांची काळजी, मग काढणी, आणि ती आटोपते न आटोपते तोच एप्रिलची छाटणी येते. थोडी उसंत मिळते ती भर पावसाळ्यात. आणि माझ्या नवऱ्याला जायचं होतं बेटावर. कोरड्या हवेत, निळ्या पाण्यात पाय सोडून बसायला. त्यामुळे आमचे बरेचसे पावसाळे नाशिकच्या घरात खिडकीशी बसून दुसरीकडच्या पावसाची चौकशी करण्यात गेले.

चौकशीचं काम माझ्याकडे होतं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते, आणि उत्तर छापलेलं सापडलं की प्रश्न मिटला, असं मला वाटायचं. अंदमान बाद झालं, कारण आपला पाऊस तिथे आपल्याआधीच पोचलेला असतो. लक्षद्वीपही बाद, कारण त्या दिवसांत समुद्र खवळलेला. शेवटी श्रीलंका सापडली. त्या एका बेटावर दोन निरनिराळे पावसाळे आहेत. आपला नैर्ऋत्येचा वारा कोलंबोची बाजू झोडपत असतो, तेव्हा पलीकडचा पूर्व किनारा कोरडा आणि शांत असतो. तिकडचा मोठा पाऊस येतो आपल्या दिवाळीच्या सुमाराला, म्हणजे आमच्या घरात कोणाला मान वर करायला फुरसत नसते तेव्हा. बेट जणू द्राक्षवाल्यांसाठीच घडवलं होतं. नवऱ्याने हा शोध ताबडतोब स्वतःच्या नावावर केला आणि आईला सांगायला गेला.

सासूबाईंनी तो जागच्या जागी फेटाळला. आषाढात कोरडा असलेला समुद्रकाठ त्यांनी ऐकला नव्हता, आणि बेट ते केवढं, त्यात अर्ध्यावर पाऊस अन् अर्ध्यावर ऊन कसं पडेल, असा त्यांचा सवाल होता. शिवाय पंचवटीतून लंकेला आजवर कोणी हौसेने गेलेलं नाही, हेही त्यांनी ऐकवलं.

मुलाचा उल्लेख करण्याची त्यांची एक पद्धत होती. तो बरोबर निघाला की ‘माझा लेक’, चुकला की ‘तुझा नवरा’. लंकेच्या बाबतीत तो वर्षानुवर्षं माझा नवराच राहिला.

“तुझा नवरा थापा मारतो,” त्या मला म्हणायच्या, तो समोर बसलेला असताना. तो हसायचा आणि म्हणायचा, एकदा नेऊन दाखवतो. दर आषाढात हे भांडण नव्याने निघायचं. मग कधी बागेत रोग यायचा, कधी कुणाचं लग्न निघायचं, आणि दाखवणं पुढच्या वर्षावर जायचं. मला दोघेही चिडवत. मी खुर्चीवरून न उठता सगळी बेटं हिंडून आलेली बाई, असं त्यांचं माझ्याबद्दल एकमत होतं. त्यांचं एकमत होणारा दुसरा विषय मला आठवत नाही.

गेल्या वर्षी मेमध्ये तो गेला. बागेतून घरी आला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतरचा आषाढ आमच्या घरात पहिल्यांदाच बिनभांडणाचा गेला. आम्ही दोघी खिडकीशी बसायचो. पाऊस पडायचा, आणि त्याच्याविषयी बोलायला आमच्याकडे काहीच नसायचं. सुतकी वर्ष म्हणून सणवार झाले नाहीत. बाग धाकट्या दिरांनी बघितली. मी पुस्तकं वाचली, म्हणजे उघडून मांडीवर ठेवली.

यंदा वर्षश्राद्ध झालं, पाहुणे परतले. दुसऱ्या दिवशी मेथी निवडता निवडता सासूबाईंनी मान वर न करता विचारलं, “ते कोरडं गाव खरंच हाय का?”

मी लगेच नकाशा आणला. त्यावर बाण काढले, वारा कुठून येतो आणि मधले डोंगर त्याला कसे अडवतात, ते समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मेथीची एक जुडी नकाशावर ठेवली. त्यांचं माहेर मनमाडच्या पलीकडचं. इगतपुरीला धो धो कोसळणारा पाऊस त्यांच्या गावावरून नुसताच सरकत जाताना त्यांनी लहानपणापासून पाहिलेला.

“म्हंजे आमचं मनमाडच की,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, हो, फक्त समुद्र आहे. त्यांनी नकाशावरची जुडी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “चल, बघून येऊ. खोटा तर खोटा. पण मला कळायला पायजे.”

त्यानंतरचं नियोजन मी एकटीने केलं असतं तर लवकर झालं असतं. माझ्याकडे वाऱ्यांचे तक्ते होते, त्यांच्याकडे पंचांग. मी काढलेला पहिला मुहूर्त अमावास्येवर पडला, दुसरा एकादशीवर. दोन्ही किनाऱ्यांचे पावसाळे त्यांच्या उपासांपेक्षा बरेच सरळ होते. चातुर्मासात कांदा आणि वांगं त्यांना चालत नाही, तेव्हा तिकडे नक्की काय शिजतं याचीही चौकशी झाली. दीर म्हणाले, केव्हाही जा, पण गणपतीच्या आत या. नात्यातल्या एकीने ऐकवलंच, की वर्ष सरतंय न सरतंय तोच समुद्र बघायला निघाल्या. सासूबाईंनी शांतपणे सांगितलं, की लेकाचं एक काम राहिलंय, ते उरकायला चाललो आहोत. ‘लेकाचं’ म्हणाल्या, हे मी लक्षात ठेवलं.

कोलंबोला उतरलो तेव्हा धुवाधार पाऊस होता. त्यांनी नाशिकहून आणलेली छत्री उघडली आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी जिंकल्याची खूण दिसली, आणि मला बरं वाटलं. मोटारीत मात्र छत्री मांडीवर आडवी घेऊन त्या काचेबाहेर बघत राहिल्या. दोनेक तासांनी पाऊस बारीक झाला. मग ड्रायव्हरने वायपर बंद केला. पुढे गवत पिवळं पडत गेलं, रस्त्याकडेला शेळ्या दिसल्या, धूळ उडायला लागली. त्यांनी मला ड्रायव्हरला विचारायला लावलं, इथे पाऊस कधी झाला होता. बऱ्याच दिवसांत नाही, असं तो म्हणाला. त्यांनी छत्रीचा बंद नीट लावला आणि ती पायाशी ठेवली.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा स्वच्छ ऊन होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पाण्यात पाय सोडून बसलो. लुगडं घोट्याच्या वर घेताना त्यांनी आधी इकडेतिकडे पाहून घेतलं होतं. बोलणं त्याच्याविषयी चाललं नव्हतं. लहान मासे पायाला चावतात का, याविषयी चाललं होतं. तेवढ्यात मागून एक ढग आला आणि थेंब पडायला लागले. आधी विरळ, मग चांगले जाणवतील एवढे. कोरड्या दिवसांतही तिकडे एखादी सर येऊन जाते, हे मी वाचलेलं होतं. त्यांना सांगायचं धाडस मला झालं नव्हतं. आता तो कायमचा माझा नवरा होणार, असं मी धरून चालले.

सासूबाईंनी तळहात पुढे केला. बागेतल्या पानावर औषध नीट बसलंय का ते बघावं, तसं त्यांनी हातावरच्या थेंबांकडे निरखून पाहिलं. छत्री शेजारीच होती. तिला त्यांनी हात लावला नाही.

“याला कोण पाऊस म्हणतं?” त्या म्हणाल्या. “फवारा मारताना यापरीस जास्त उडतं अंगावर.”

“पण आई, पडतोय ना.”

“तू तुझं पुस्तकातलं नको सांगू. माझा लेक म्हणला होता इथं पाऊस नसतो, तर नसतो.”

त्यांच्या केसांवरून पाणी ओघळून कानामागे जात होतं. माझा चष्मा धूसर झाला होता. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, आणि सर समुद्रावर निघून गेली. त्यांनी पदराने तोंड पुसलं, जरा जास्त वेळ पुसलं, आणि मग मागच्या किनाऱ्याकडे बोट दाखवलं.

“बघ, वाळूसुद्धा भिजली नाय.”

वाळू गडद झाली होती, तिच्यावर थेंबांचे खड्डे उठले होते.

“नाही भिजली,” मी म्हटलं.