लसणाची टरफलं

बेगम बाजारातून आणलेला लसूण आज सकाळी सोलत बसले होते. पंख्याच्या वाऱ्याने टरफलं खोलीभर उडाली आणि विद्यानगरातली माझी जुनी खोली आठवली.

नोकरीत नवी असताना आई नांदेडहून चार दिवस माझ्याकडे आली होती. निघायच्या दिवशीही ती लसूणच सोलत होती, पुढे मला पुरेल इतका. तिला काचीगुडा स्टेशनवर गाडीत बसवून मी परतले, तर कामवाली लक्ष्मम्मा झाडू घेऊन दारात उभी. मी तिला मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, की आमच्यात माणूस गावाला निघालं की पाठोपाठ केर काढत नाहीत, पोचल्याचा फोन येऊ दे.

"अच्छा, अम्मा को पहुँचने दो," म्हणत ती हसून निघून गेली.

दिवसभर मी ती टरफलं तुडवत वावरले. पायांना चिकटायची, लसणाचा वास हलत नव्हता, वैताग आला होता. संध्याकाळी फोन आला. "पोचले गं बाई. काढ आता केर."

आई गेली त्याला आता एक पावसाळा उलटला. नांदेडला दिवस उरकून मी परत आले आणि लगेच ऑफिसला जायला लागले. रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

"मॅडम, झाडू मारूं क्या?" आताच्या कामवालीने दारातून विचारलं.

"जरा ठहरो," मी म्हटलं.

ती झाडू दाराला टेकवून भांडी घासायला गेली.