भाड्याचं लुगडं

"ताई, हे तबक धरा. आणि जरा हसा."

पालघरच्या सभागृहात, स्टेजच्या पायरीशी, आमच्या कार्यालयातल्या आस्थापनेच्या बाईंनी माझ्या हातात तबक दिलं. शाल, श्रीफळ, गुच्छ आणि काचेचं सन्मानचिन्ह. मी म्हटलं, "सत्कार माझा आहे. मीच तबक कशी धरू?"

बाई हसल्या. लहान मूल काहीतरी बोललं की हसतात, तशा.

"तुमचा कुठे? साहेबांचा सत्कार आहे. तुम्हाला लुगडं नेसून बोलावलं ते स्वागताला. पाहुण्यांना कोळी वेश फार आवडतो हो."

तिसऱ्या रांगेत माझी आई बसली होती. सफाळ्याच्या बाजारातली मासळीची पाटी शेजारणीवर सोपवून आली होती. लेकीचा सत्कार बघायला. डोळ्यांवर ऊन आल्यासारखा हात आडवा धरून ती स्टेजकडे बघत होती. मला बघून तिने हात हलवला.

मी तबक धरून उभी. अंगावर भाड्याचं लुगडं.

त्या लुगड्याचं आधी सांगते. साहेबांचा फोन आला होता. "ताई, खात्याच्या मासिकात आपल्या मासळी सुकवायच्या माच्यांचं काम छापून येतंय. गुणगौरव सोहळ्यात सत्कारही आहे. कोळी लुगड्यात या, फोटो उठून दिसतील."

"माझं नाव आहे ना साहेब?"

"अहो, तुमच्याशिवाय हे काम आहे का?"

मी मासेवालीची पोर. गिऱ्हाईक सरळ उत्तर देत नाही तेव्हा त्याच्या मनात काय असतं, ते मला दहाव्या वर्षापासून कळतं. साहेबांच्या बाबतीत नाही कळलं. कारण ते माझ्या आईच्या हातचं जेवले होते.

आमच्याकडे तसलं लुगडं कोणी नेसत नाही. एडवणला आमच्या आळीत माझी आई साधी पाचवारी साडी नेसते, पदर कमरेला खोचते, कामाला लागते. लुगडं आणायचं कुठून? पालघरला शाळेच्या गॅदरिंगचे कपडे भाड्याने देतात, तिथे गेले. दुकानदाराने विचारलं, "मुलगी कितवीत आहे?" मी म्हटलं, "मलाच हवंय." त्याने जरीची खोटी किनार असलेलं, गुडघ्याला घट्ट बसणारं, नाचाचं लुगडं काढून दिलं. वर प्लास्टिकच्या फुलांची वेणी. भाव मी तिथेही पाडला.

आईने बघितलं आणि पोट धरून हसली. "हा कोनाचा लुगडा गो? नाचाला चाललीस की सत्काराला?"

"साहेबांनी सांगितलंय, आई."

"सायबान सांगला तं नेस. आपला बालाच हाय तो."

साहेबांना ती बाला म्हणायची, बाळ म्हणावं तसं.

माझी नोकरी क्षेत्र सहायकाची. खात्याचं नाव लिहीत नाही. खातं कुठलंही घ्या, तबक तेच असतं. बोईसरच्या कामगारांच्या खोल्यांपुढे पाटी उतरवून "भैया, ताजा है, सुबह का है" म्हणत मी मासळी विकली. त्या मासळीवर शिकले. परीक्षा दिली, वशिल्याशिवाय लागले. तोंड फटकळ आहे, डोकं गरम आहे, हे मला माहीत आहे. या दोन्हींशिवाय मी कार्यालयाच्या दारात पोहोचलेच नसते.

साहेब तरुण, पुण्याकडचे. वडीलही खात्यातच मोठ्या पदावर होते. त्यांना कुठलंही दार ढकलावं लागलं नाही, ती उघडीच होती. पण बोलायला गोड. "ताई" म्हणायचे. मला बरं वाटायचं.

योजना अशी होती. आमच्या बायका जवळा आणि करंदी खळ्यावर, जमिनीवर पसरून सुकवतात. त्यात वाळू येते, कुत्री फिरतात, भाव पडतो. खात्याने बांबूचे उंच माचे द्यायचे, वर जाळी ताणायची, मासळी त्यावर सुकवायची. कागदावर सोपं.

साहेब पहिल्यांदा एडवणला आले आणि गाडीतून उतरून बूट घालून थेट खळ्यावर चालत गेले. खळं म्हणजे अन्न पसरायची जागा. रिकामं असलं तरी तिथे चप्पल चालत नाही. माझी आई पाय भाजत असताना अनवाणी जाते. साहेब कडेच्या जवळ्यावरून करकर आवाज करत मधोमध गेले आणि म्हणाले, "नमस्कार माऊली!"

आळीतल्या सगळ्यांत जुन्या हिराकाकीने बुटाखालचा जवळा सुपात गोळा केला, कोंबड्यांपुढे टाकला आणि घरात गेली. तिच्यामागे सगळ्या गेल्या. दारं लागली. बैठक संपली.

साहेब मला म्हणाले, "काय झालं यांना? मोकळीच जागा होती."

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले, अनवाणी. हिराकाकीच्या ओटीवर बसले. सौदा सुरू झाला. खात्याच्या नकाशात माचे एका सरळ रेषेत होते. पण खळ्यावर प्रत्येक घराची जागा ठरलेली, सासूकडून सुनेकडे आलेली. सरळ रेष ओढली की दहा भांडणं. मी म्हटलं, रेष राहू दे कार्यालयात. ज्याचा माचा त्याच्याच जागेवर. माप जागेप्रमाणे कापून देईन. एक हंगाम बघा. नाही पटलं, तर मी स्वतः माचे डोक्यावर घेऊन परत नेईन.

काकी म्हणाली, "आनि तुजा सायेब?"

"बूट घालून येणार नाही. माझा शब्द."

"आनि तुज्या आयशीला पयला माचा, काय?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. खरा सौदा तो होता. मी म्हटलं, "आमच्या घरात एकही माचा येणार नाही. कोणी बोट दाखवायला नको."

आई मागे उभी होती. घरी आल्यावर म्हणाली, "माजा जवला मातीत, आनि गावाचा माच्यावर. बरा हाय."

माचे लागले. जवळा स्वच्छ निघाला, व्यापारी एडवणला येऊन उचलायला लागले. साहेब परत आले तेव्हा खळ्याच्या कडेला मी त्यांचे बूट काढायला लावले. मग ते आमच्या घरी जेवले. तळलेले बोंबील, तांदळाची भाकरी. आईने शेवटचा बोंबीलही त्यांच्याच ताटात टाकला. "खा बाला." हात धुताना साहेब म्हणाले, "ताई, हे सगळं तुमचं आहे. मी वर सांगणार."

वर त्यांनी सांगितलं. काय सांगितलं, ते सभागृहात ऐकलं.

निवेदक मासिकातूनच वाचत होता. "खळ्यावरच्या जागेची परंपरा ओळखून साहेबांनी आराखडा बदलला. अनवाणी पायांनी महिलांमध्ये मिसळून त्यांनी विश्वास संपादन केला."

अनवाणी पायांनी!

मासिकाचा नवा अंक खुर्च्यांवर ठेवलेला होता. त्यातलं कर्मचारी वार्ता हे सदर मी नेहमी वाचते. कोणाची बढती, कोण निवृत्त, कोणाच्या मुलाला किती टक्के. माझं नाव आजवर एकदाच आलं होतं, बदल्यांमध्ये, तेही आडनाव चुकवून. मी तबक डाव्या हातावर पेललं आणि पायरीजवळच्या खुर्चीवरचा अंक उघडला. मोठा फोटो. मध्ये साहेब. त्यांच्या शेजारी माच्याला हात लावून मी. खाली ओळ: 'साहेबांसमवेत आनंदी लाभार्थी कोळी महिला.'

लाभार्थी. मी. ज्या बाईने आपल्या आईला माचा मिळू दिला नाही, ती.

माझा चेहरा, माझे हात, माझं काम. नाव नाही, पद नाही. आणि वर मीच माचा घेतल्याचा आरोप. हा अंक एडवणला जाणार, हे मला उभ्या उभ्या दिसलं.

"ताई, चला, चला," आस्थापनेच्या बाईंनी मागून ढकललं.

मी स्टेजवर गेले. पाहुण्यांनी शालीला हात घातला. मी तबक मागे घेतलं. त्यांना वाटलं, माझा तोल गेला. त्यांनी परत हात पुढे केला. मी तबक टेबलावर, पाण्याच्या बाटल्यांच्या मध्ये ठेवलं. साहेब माझ्याकडे बघत नव्हते. समोरच्या पंख्याकडे बघत होते.

"साहेब, मी कोण आहे ते माईकवर सांगा."

"ताई, नंतर बोलू."

"आत्ता सांगा. मी लाभार्थी आहे का?"

"ताई, प्लीज. पाहुणे आहेत."

निवेदकाने माईकवर हात ठेवला. पहिल्या रांगेत कोणीतरी म्हणालं, "कोण आहे ही? कलापथकातली का?" आणि हशा झाला. अंगावरचं लुगडं बघितल्यावर दुसरं काय वाटणार? त्यांनी मला तसंच सजवून आणलं होतं.

मी वेणी काढली, तबकात नारळाशेजारी ठेवली आणि पायऱ्या उतरले. मागे टाळ्या सुरू झाल्या. साहेबांना शाल घातली असणार.

आई दारात आली होती. म्हणाली, "तुजा नाव नाय घेतला?"

"नाही."

"बालान पन नाय?"

मी रिक्षाला हात केला. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "मी त्याला शेवटचा बोंबील दिलता गो." एवढंच.

एडवणला अंक माझ्याआधी पोहोचला. मोबाइलवर. हिराकाकी ओटीवरून उठलीही नाही. "तू माचा घेतलास म्हनं. सरकारान छापलाय. कुठं लावलास, सफाल्याला?"

"काकी, माझ्या घरात बघ जाऊन."

"बगितला. पन छापला तं काय उगीच?"

ज्या खळ्यावर माझ्या एका शब्दावर माचे उभे राहिले, तिथे माझा शब्द खोटा पडला. साहेबांना शाल मिळाली. माझ्याकडे होता तेवढा एक शब्द, तो गेला.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. "ताई, तुम्ही उगाच तमाशा केलात. तरी मी तुमच्यासाठी बोललोय. प्रशस्तिपत्र देऊ. घराजवळ, सफाळ्याकडे बदली हवी ना, ती करू. पुढच्या महिला विशेषांकात तुमची मुलाखत घेऊ."

मी म्हटलं, "त्या फोटोखालची ओळ दुरुस्त करा. ही आमची क्षेत्र सहायक आहे, लाभार्थी नाही, एवढंच. मुलाखत नको."

"तेवढं सोडून बोला. चूक झाली असं छापलं की वरपर्यंत प्रश्न येतात. सत्कारच खोटा ठरतो."

"म्हणजे खोटा आहे, हे तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "ताई, तुम्ही तर व्यवहारातल्या आहात. काहीतरी ॲडजस्ट करा."

आयुष्यभर मी भाव केला. बर्फाचा, टेम्पोचा, पापलेटचा, त्या खोट्या जरीच्या लुगड्याचाही. समोरचा चढवत जातो तेव्हा थांबून बघायचं असतं, तो कुठली वस्तू देत नाही. तीच खरी. साहेब सगळं देत होते, माझं नाव सोडून. मी चहाला हात लावला नाही.

त्यानंतर मुंबईहून मोठे अधिकारी माचे बघायला यायचे ठरले. साहेबांचा फोन. "ताई, तुम्ही पुढे जाऊन थांबा. बायका तुमचंच ऐकतात."

मी गेले. माझ्या रोजच्या साडीत, गळ्यात कार्यालयाचं ओळखपत्र. खळ्याच्या कडेला उभी राहिले. मागे बायका जवळा उलटत होत्या. काकी सूप घेऊन बसली होती. गाड्या आल्या. साहेब पुढे, मागे पाहुणे, सगळ्यांच्या पायात बूट.

"बूट काढा, साहेब."

"हो हो. ताई, पाहुण्यांना राहू दे. घाई आहे."

"सगळ्यांनी काढायचे. आणि आधी यांना सांगा, मी कोण."

साहेब हसून पाहुण्यांकडे वळले. "या आमच्या स्थानिक..."

"स्थानिक नाही," मी म्हटलं. आवाज चढला होता, चढू दिला. "मी या खात्याची क्षेत्र सहायक. हे माचे मी लावले. माझ्या आईच्या घरात एकही माचा नाही, तो जवळा बघा, खाली मातीत पसरलाय. मासिकात मला लाभार्थी छापलंय, ते खोटं आहे. साहेबांना ते माहीत आहे."

मागचा जवळा उलटण्याचा आवाज थांबला. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. एकाने रस्त्यावरूनच दोन फोटो काढले. गाड्या वळल्या. साहेब जाताना एवढंच बोलले, "महागात पडेल, ताई."

पडतंय. वर्तणुकीबद्दल खुलासा मागितला आहे. बदली समुद्रापासून लांब, मासवणकडे लागेल, असं कार्यालयात बोललं जातं. मासिकात दुरुस्ती आलेली नाही. काकी अजून पूर्वीसारखी बोलत नाही; सुपात जवळा पाखडत राहते, फक्त मी आले की सरकून ओटीवर जागा करते.

बदली करा, जाईन. तिथेही काम करीन, आणि ते कोणी केलं हे दर बैठकीत उभी राहून सांगेन. स्वागताला उभी राहणार नाही. कोणाचं तबक धरणार नाही. भाड्याचं लुगडं दुकानात परत गेलं, ते पुन्हा माझ्या अंगावर येणार नाही. आणि ती ओळ दुरुस्त होईपर्यंत खात्याचा एकही बूट माझ्या शब्दावर एडवणच्या खळ्यात जाणार नाही.

साहेब, हा माझा भाव. यात कमी-जास्त होणार नाही.