अंधार: ठीक

मायलिस बूरवालने आमच्या उमेओ शहरातल्या मेंदू प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली, पण तिला संशोधक असं कधी कुणी म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तर तिनेच ते हसण्यावारी नेलं असतं. ती शिकली होती दातांचं काम. विन्देलन नदीच्या वरच्या अंगाला एका खेड्यात वाढली, आईच्या हाताखाली शिवण शिकली, आणि शहरात येऊन दंतवैद्यांसाठी कवळ्या घडवायला लागली. प्रयोगशाळेला तेव्हा असं माणूस हवं होतं ज्याचा हात कापत नाही. उंदराच्या कवटीला मसुराएवढी खिडकी पाडायची, तिच्यावर काच बसवायची, ती दातांच्याच सिमेंटने पक्की करायची, आणि हे सगळं खालच्या मेंदूला ओरखडा न उठू देता. मोठमोठ्या पदव्यांची माणसं त्या कामाला बसली की घामाघूम व्हायची. मायलिस बसली, आणि तासाभरात उठून हात धुवायला गेली.

त्या काचेतून जिवंत मेंदू दिसतो. पेशी कामाला लागली की हिरवी उजळते, अशी सोय उंदरात आधीच केलेली असते. लेझर आत खोलवर फिरतो आणि मायक्रोस्कोप तो हिरवा उजेड कणाकणाने टिपतो. उजेड म्हणायचा तो नुसता म्हणायला. इतका पुसट, की खोलीत कुणाचं घड्याळ चमकलं तरी दिवसभराची मेहनत पाण्यात. म्हणून खोलीत अंधार लागतो, खराखुरा अंधार, आणि तो राखणं हे मायलिसचं खातं. यंत्रांवरच्या बारीक दिव्यांना तिने चिकटपट्ट्या लावल्या, दाराच्या फटीत लोकर कोंबली. रोज सकाळी नोंदवहीत तारीख घालून लिहायची, "अंधार: ठीक."

"वीज गेली तरी एवढा अंधार होत नाही, जेवढा मायलिस करते," असं स्तफान म्हणायचा. स्तफान म्हणजे तिथला प्राध्यापक. आमच्याकडे प्राध्यापकालाही नावानेच हाक मारतात, आणि मायलिस तर त्याला चहाच्या कपावरूनही झापायची. पण तिने वहीत लिहिलेलं त्याने एकदाही पडताळून पाहिलं नव्हतं. कुणीच नाही.

गोष्ट घडली ती तिच्या निवृत्तीला तीन महिने उरले असताना, नोव्हेंबरात. हिल्लेवी नावाची मुलगी, वय तिशीच्या आत, पाच वर्षं त्याच खोलीत राबून डॉक्टर व्हायला निघाली होती. तिचा प्रबंध गुरुवारी ठोकायचा होता. ठोकायचा म्हणजे अक्षरशः. छापलेल्या पुस्तकाच्या कोपऱ्याला भोक पाडायचं, विद्यापीठाच्या लाकडी फळ्यावर खिळा मारून ते टांगायचं, आणि मग तीन आठवडे ज्याला हवं त्याने वाचून चुका काढायच्या.

हिल्लेवीचं तिसरं प्रकरण सगळ्यांच्या तोंडी होतं. उंदरासमोर पडद्यावर काळे-निळे पट्टे सरकवले की त्याच्या मेंदूतला पाहण्याचा भाग उजळतो, यात नवल नाही. पण हिल्लेवीला दिसलं होतं की मिशांच्या स्पर्शाचा भागही, जरासाच पण न चुकता, उजळतो. स्पर्शाच्या पेशींना दृश्याची चाहूल लागते, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षातले एकोणीस उंदीर, आणि एकोणीसच्या एकोणीस तेच सांगत होते. तिथेच कुणाला तरी शंका यायला हवी होती, असं आता मी म्हणतो. इतकं एकमत माणसांत होत नाही, उंदरांत कुठून व्हायचं?

सोमवारी सकाळी मायलिस लेझर तपासायला बसली. भिंगाखाली उंदीर नव्हता, साधा काचेचा तुकडा होता. पलीकडच्या संगणकावर हिल्लेवीचे पट्टे चालूच राहिले होते, ते बंद करायचं मायलिसच्या लक्षात आलं नाही. तिने मोजणी सुरू केली आणि नळाशी बोटं धुवून परत आली, तर मोजणीच्या पडद्यावर टिपलेल्या उजेडाची रेघ दर चार सेकंदांनी उचलत होती. पट्टे आले की रेघ वर, पट्टे गेले की खाली.

तिची नजर भिंगाकडे गेली. भिंगाभोवती, बाहेरचा उजेड आत जाऊ नये म्हणून, काळ्या कापडाची बाही असते. जुनी बाही फेब्रुवारीत फाटली तेव्हा नवी तिनेच घरच्या मशीनवर शिवली होती, दुहेरी टाक्याने, मोठ्या अभिमानाने. आता तिने त्या शिवणीवर चिकटपट्टी दाबली. रेघ सपाट झाली. पट्टी काढली, रेघ पुन्हा उचलायला लागली. बाही उतरवून तिने टेबलावरच्या दिव्यावर धरली आणि डोळा अगदी जवळ नेला. सुईची भोकं. टाक्यागणिक एक भोक, आणि बाही ताणली की ती जरा जास्तच उघडायची.

नवी बाही चढवली की पट्टे चालू ठेवून रिकाम्या भिंगाखाली दहा मिनिटं मोजणी घ्यायची, हा तिचाच नियम. तिने वही उघडली. अकरा फेब्रुवारी, अंधार: ठीक. त्या दिवशी उंदीर तयार होऊन बसला होता, हिल्लेवी दारात घुटमळत होती. मायलिसने बाही खिडकीशी धरून नुसती डोळ्याने पाहिली, काही दिसलं नाही, आणि लिहून टाकलं. तिचं स्वतःचं शिवलेलं होतं. तपासायचं काय त्यात?

साडेनऊला सगळे कॉफीला जमले. वेलदोड्याच्या गोड पावांशेजारी हिल्लेवीने वडिलांची हातोडी आणून ठेवली होती, आणि प्रबंधांचे खोके जिन्याखाली येऊन पडले होते.

"मायलिस, पहिली प्रत तुला," हिल्लेवी म्हणाली. "ठोकायला येशील ना? तू नाही आलीस तर खिळा वाकडा जाईल."

"बघू," मायलिस म्हणाली. उचललेला पाव तिने परत बशीत ठेवला.

घरी पाच वाजता जेवायला बसली तेव्हा तिने ओस्तेनला, नवऱ्याला, सगळं सांगितलं. ओस्तेनने जन्मभर लाकडाचे ट्रक चालवले. तो बटाटा सोलत ऐकत राहिला.

"म्हणजे भोकं तुझी, आणि शोध तिचा," तो म्हणाला.

"तेच."

"न सांगितलंस तर कुणाला कळेल?"

"वर्षा-दोन वर्षांनी कुठेतरी कुणीतरी तोच प्रयोग करेल आणि त्याला काही दिसणार नाही. तोवर मी निवृत्त. हिल्लेवी डॉक्टर."

"मग तुला गप्प राहवेल का?"

तिने काटा बाजूला ठेवला. "राहवेल," ती म्हणाली. "एकतीस वर्षं ओस्तेन, माझ्या शब्दावर सगळे डोळे मिटून चाललेत. माझ्याकडे दुसरं आहे काय? आणि ते एकोणीस उंदीर. खिडक्या मीच बसवल्या, शेवटी कायमचं झोपवलं मीच. कशासाठी झोपवलं मी त्यांना? माझ्या शिवणीसाठी?"

"उद्या सांगणार आहेस."

ओठांचा चंबू करून तिने आमच्याकडच्या रीतीने फुस्सकन श्वास आत ओढला, म्हणजे हो.

मंगळवारी सकाळी तिने हिल्लेवीला खोलीत बोलावलं.

"असा चेहरा का केलायस? कोण गेलं?" हिल्लेवीने विचारलं.

"कोणी नाही. इकडे बस. हे बघ."

रेघ उचलत होती. हिल्लेवी वाकून पाहायला लागली आणि हसली. "छान उत्तर देतोय की. कुठला हा?"

"उंदीर नाहीये, हिल्लेवी. काच आहे."

हिल्लेवीचं हसू जायला वेळ लागला. मायलिसने शिवणीवर पट्टी दाबली, रेघ सपाट झाली. तिने पट्टी काढली. हिल्लेवीने तिच्या हातातून पट्टी घेऊन स्वतः दाबली, स्वतः काढली, तीनदा.

"कधीपासून?"

"अकरा फेब्रुवारी. बाही मी शिवली. तपासणी केली नाही, केली असं लिहिलं."

"तू लिहिलंस?"

"मीच लिहिलं."

"दुसऱ्या कुणाचं असतं तर मी बसून तपासलं असतं," हिल्लेवी हळूच म्हणाली. "तुझं होतं म्हणून नाही तपासलं."

मायलिसने पट्टे बंद केले.

मग हिल्लेवीने विचारलं, "आणखी कुणाला माहीत आहे?"

"ओस्तेनला. त्याला निम्मं कळलं."

"म्हणजे कुणालाच नाही."

हे ती कुठल्या अर्थाने म्हणाली ते मायलिसला नीट कळलं, कारण आदल्या संध्याकाळी ती स्वतः गप्प राहायच्या विचारापाशीच घुटमळत होती. तिने रागावायचं मनात आणलं नाही. तिने नोंदवही उघडली, अकरा फेब्रुवारीच्या ओळीवर शाईने रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: तपासणी केली नव्हती, शिवणीतून उजेड येतो, त्यानंतरची सगळी मोजमापं संशयास्पद. खाली सही.

"आता सगळ्यांना माहीत आहे," ती म्हणाली.

"मला विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर ओझं तुझ्या डोक्यावर आलं असतं. ते माझं आहे."

"माझी पाच वर्षं आहेत ती," हिल्लेवी म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. ती निघून गेली. मायलिस खुर्चीत बसली आणि रडली. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

स्तफानने वही वाचली, कपाळ चोळलं, खिडकीबाहेरच्या बर्फाकडे पाहत राहिला. "उजेड किती, एवढासा," तो म्हणाला. "गुरुवारी ठोकून टाकू. तीन आठवड्यांनी जाहीर चर्चा होईल तेव्हा उठून सांगू की तिसरं प्रकरण मागे घेतोय."

"नाही," दारातून हिल्लेवी म्हणाली. "तिसरं प्रकरण म्हणजेच माझा प्रबंध आहे. खोटं आहे हे माहीत असताना मी त्याला खिळा मारणार नाही."

गुरुवारी फळ्यावरची तिची जागा रिकामी राहिली. खोके हातगाडीवर घालून ते रद्दी कागदाच्या पिंपाकडे तिने एकटीने ढकलत नेले. मायलिस दार धरायला पुढे झाली तर म्हणाली, "राहू दे." डिसेंबरभर ती कॉफीला दुसऱ्या टेबलावर बसली. स्तफानने खटपट करून तिला आणखी आठ महिने मिळवून दिले, नव्या उंदरांची परवानगीही आली. मायलिसने स्वतःहून हिल्लेवीला निरोप पाठवला की हवं असेल तर निवृत्ती लांबवते, खिडक्या बसवून देते. तीन दिवसांनी स्तफानच्या तोंडून उत्तर आलं, चालेल.

जानेवारीत नवी बाही आली. जाड रबराची, डिंकाने जोडलेली, एकही टाका नसलेली. पहिल्या उंदराच्या दिवशी मायलिस सातला आली, रिकाम्या भिंगाखाली पूर्ण दहा मिनिटं मोजणी घेतली, वहीत लिहिलं. नऊला हिल्लेवी आली आणि कोट न काढताच उभी राहिली.

"तपासलंस?"

"तपासलं. वहीत आहे."

हिल्लेवीने वहीकडे पाहिलंही नाही. "मला दाखव," ती म्हणाली.

मायलिसचे कान तापले. एकतीस वर्षांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. लागलं तिला, चांगलंच लागलं. आणि पहिल्याच वर्षी कुणीतरी हे म्हणायला हवं होतं, हेही तिला तिथल्या तिथे कळलं. तिने काचेचा तुकडा भिंगाखाली ठेवला, भिंगाला लागतो तो पाण्याचा थेंब सोडला, पट्टे सुरू केले आणि दिवे मालवले.

दोघी शेजारी शेजारी बसून दहा मिनिटं सपाट रेघेकडे बघत राहिल्या.

"पुन्हा," हिल्लेवी म्हणाली, आणि कोट काढून तिने स्टूल जवळ ओढलं.

मायलिसने मोजणी पुन्हा लावली.