हवेचा चिमटा

सोलापुरात विजापूर वेशीच्या आतल्या बोळात हुसेनसाबचं सायकलीचं दुकान आहे. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला खरं तर अहोजाहो करायला हवं, पण पुढचं वाचल्यावर कुणी तसा आग्रह धरणार नाही.

माणूस कामाचा पक्का, हे आधीच कबूल करून टाकलेलं बरं. सायकलीचं पुढचं चाक ज्या दोन पायांत बसतं त्याला आमच्याकडे चिमटा म्हणतात. खड्ड्यात आपटून वाकलेला चिमटा सरळ करावा तर हुसेनसाबनंच. ऐरणीवर आडवा टाकायचा, डावा डोळा मिटून उजव्यानं धार बघायची आणि घणाचे तीन घाव घालायचे. चौथा घाव त्याला कधी लागला नाही. मोहोळहून, मंगळवेढ्याहून लोक एसटीच्या टपावर सायकली टाकून त्याच्याकडे आणत.

पण हा हात लोखंडावर थांबत नव्हता. टायरचे व्यापारी सिद्धलिंगप्पा एकदा गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "नट ढिला ठेवलास की रे." हुसेनसाबनं हातातला पाना तसाच फेकून मारला. सिद्धलिंगप्पांचे वरचे दोन दात दुकानाच्या फरशीवर पडले आणि त्यांनी ते स्वतःच वेचून रुमालात बांधून नेले. चहा गार झाला म्हणून बायकोवर, मदिनाबीवर, हवा भरायचा पंप भिरकावला, तेव्हापासून तिची करंगळी सरळ होत नाही. उस्तादानं त्याला तुटक्या चेननं फोडून काढत काम शिकवलं होतं. त्यानं काम तर उचललंच, चेनही उचलली. त्याच्या तोंडात एकच शब्द कायम असायचा, "गप." गिऱ्हाईक गप, बायको गप, पोरगी गप. एवढ्या गप्प दुकानात काम मात्र उत्तम व्हायचं, आणि लोकांनाही काम उत्तम झालं की बाकीचं दिसत नाही.

पोरगी म्हणजे आफरीन. आज चौतीस वर्षांची आहे. मुलगा झाला नाही म्हणून हुसेनसाबनं तिला दहाव्या वर्षी दुकानात बसवलं, आणि मुलगा झाला नाही हा राग तिच्यावरच काढला. घरात दख्खनी आणि दुकानात मराठी बोलायची, हा त्याचा दंडक. आफरीन दोन्हींत गप्प बसायला शिकली. पण तिचा हात आणि डोळा बापापेक्षा चलाख निघाला, आणि हे दुकानात बापाखेरीज सगळ्यांना माहीत होतं.

पंचविसेक वर्षांपूर्वी बोळात शॉकपच्या सायकली यायला लागल्या. दणका बसला की चिमट्याचे पाय आत दबायचे आणि परत वर यायचे. हुसेनसाबनं पहिला शॉकप उघडला तर आत नुसते रबराचे तुकडे, एकावर एक रचलेले. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्या रबराचा वर्षा-दोन वर्षांत भुगा व्हायचा. यानं डोकं लढवलं. यंत्रमागावर दणके झेलायला जाड रबर लावतात, ते आणून कापून आत भरलं. ते शॉकप कंपनीच्या मालापेक्षा जास्त टिकले. पुढं रबर गेलं आणि स्प्रिंग आली. स्प्रिंगचा चिमटा उघडायची त्याची खास रीत होती. शिकंज्यात चिमटा उभा पकडायचा, वरच्या टोपणाला पाना लावायचा आणि तोंड अगदी जवळ न्यायचं. आटे सुटत आले की शेवटच्या फेऱ्याला बारीक टक् आवाज येतो. तो आवाज कानानं टिपायचा, टोपण अंगठ्यानं दाबायचं, म्हणजे स्प्रिंग उडत नाही. हुसेनसाबला हे इतकं साधलं होतं की बघणारे वा वा करायचे.

याच शॉकपनं आफरीनचा कान घेतला. ती तेव्हा एकोणीसची होती. जुन्या साध्या चिमट्याला खाली पुढच्या बाजूला बाक असतो, त्यामुळे तो उलटा बसवणं आंधळ्यालाही जमणार नाही. शॉकपचे पाय मात्र सरळसोट. पुढची बाजू कुठली, मागची कुठली, हे ब्रेकच्या कमानीवरून ओळखायचं. हुसेनसाबनं एका मास्तरांच्या सायकलीला शॉकप बसवला, हँडल आवळलं, घंटीसुद्धा लावली. आफरीन म्हणाली, "अब्बा, चिमटा उलटा बसलाय." मास्तर हसले. ते हसले नसते तर कदाचित काही झालं नसतं. हुसेनसाबनं उजव्या हाताची अशी मारली की आफरीन सायकलींच्या रांगेवर पडली आणि सहा सायकली तिच्या अंगावर. डाव्या कानातून रक्त आलं. पडदा फाटला होता. मदिनाबी तिला दवाखान्यात घेऊन गेली, आणि त्या अर्ध्या तासात हुसेनसाबनं चिमटा काढून सुलटा बसवून दिला.

डाव्या कानानं तिला त्यानंतर काही ऐकू आलं नाही, फक्त मधूनच एक शिट्टी वाजते. मोहोळहून आलेली दोन स्थळं त्या कानावरून परत गेली. बाप नेहमी तिच्या डाव्या हाताला स्टूल टाकून बसायचा. त्याच्या शिव्यांपैकी अर्ध्या तिच्यापर्यंत पोचतच नसत, एवढाच काय तो तिचा फायदा. आणि बापाची चूक दिसली तरी ती परत कधी बोलली नाही.

आता गेल्या पाच-सात वर्षांत हवेचे चिमटे आले. आत रबर नाही, स्प्रिंग नाही, नुसती कोंडलेली हवा. ट्रकच्या चाकात असते तेवढ्या दाबाची हवा एका बोटभर रुंद नळीत. डाव्या पायाच्या माथ्यावर प्लास्टिकचं झाकण असतं, त्याखाली हवेचं तोंड. उघडायच्या आधी हवा सोडायचीच, नाहीतर टोपण बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. आफरीन हे सगळं मोबाइलवर बघून बघून शिकली. दाब दाखवणाऱ्या काट्याचा छोटा पंप तिनं मागवून खणात फडक्याखाली लपवला होता. शुक्रवारी हुसेनसाब नमाजाला गेला की ती तेवढ्या वेळात हवेचे चिमटे उरकायची. गिऱ्हाइकांना वाटायचं हुसेनसाबनं केलं, आणि हुसेनसाबला वाटायचं हे असले चिमटे आपल्या दुकानात येतच नाहीत.

एप्रिलातला मंगळवार होता. दुपारी एकचा सुमार, पत्रा तापून तडतडत होता. सात रस्त्याला राहणारा मृत्युंजय नावाचा तिशीतला तरुण आला. हिप्परग्याच्या तलावाकडं दगडधोंड्यांतून सायकल पळवायचा त्याला नाद होता. चिमट्यातून तेल गळतंय म्हणाला. आफरीननं नुसतं बघितलं आणि ओळखलं, हवेचा आहे. शुक्रवारी या, असं ती हळूच सांगणार, तोवर हुसेनसाबनं सायकल आत ओढून चिमटा उतरवून शिकंज्यात आवळलासुद्धा.

"हे झाकण कशाचं?" मृत्युंजयनं विचारलं. त्यालाही ठाऊक नव्हतं.

"स्प्रिंग कमीजास्त कराया," हुसेनसाब म्हणाला. जुन्या स्प्रिंगच्या चिमट्यांना खरंच तिथंच तशी कळ असायची. त्यानं झाकणाला हातही लावला नाही. झाकणाच्या बुडाशी असलेल्या टोपणाला पाना लावला.

आफरीन त्याच्या उजव्या बाजूला, दोन हातांवर. तिनं तोंड उघडलं आणि कानात शिट्टी वाजली.

पहिला फेरा. ती मृत्युंजयला म्हणाली, "दादा, जरा मागं सरा. दारापाशी हुभं ऱ्हावा." तो सरला. दुसरा फेरा. आता म्हणावं, अब्बा थांबा, हवा सोडा, एवढे चार शब्द. तिला सायकलींची ती रांग आठवली, पाठीत घुसलेलं पॅडल आठवलं, मास्तरांचं हसणं आठवलं. तिसरा. तिच्या हातातलं फडकं तिनं इतकं पिळलं की बोटं पांढरी पडली. चौथा फेरा, आणि हुसेनसाबनं सवयीप्रमाणे तोंड जवळ नेलं, मान कलती केली. तिला वाटलं, आता ओरडावं. खरंच वाटलं. पण बापापुढं पंधरा वर्षं न वापरलेला आवाज असा हाकेसरशी येत नाही. पाचवा फेरा.

टक् आवाज आलाच नाही. धडाका झाला. टोपण त्याचा डावा डोळा फोडून, भुवईचं हाड चाटून वर पत्र्यावर आदळलं. पत्र्याला भोक पडलं, ते आजही आहे, दुपारी त्यातून ऊन आत येतं. हुसेनसाब पाठीवर पडला. तेल आणि रक्त एकमेकांत मिसळून चेहऱ्यावरून वाहत होतं, आणि त्यातून तो हातानं काहीतरी चाचपत होता, बहुधा डोळाच. मृत्युंजय दारात बसून ओकला. आफरीननं बापाचं डोकं मांडीवर घेतलं, फडकं डोळ्यावर दाबलं आणि रिक्षा बोलावली. हात तिचा थरथरला नाही. त्याचंच तिला नंतर भय वाटलं.

डोळा काढावा लागला. दवाखान्यात हुसेनसाब पाच दिवस भिंतीकडं तोंड करून पडला होता. "इस बाजूका कुछ दिखताच नै," एवढंच मदिनाबीला म्हणायचा. मदिनाबी पायथ्याशी बसून वाकडी करंगळी चोळत राहायची. एकदा ती आफरीनकडं बघून म्हणाली, "तेरेकू मालूम था ना?" आफरीननं मान हलवली, होय. मदिनाबीनं करंगळी चोळायची थांबवली. मग उठली आणि लेकीच्या डोक्यावरची ओढणी नीट करून दिली.

महिन्यानं हुसेनसाब दुकानात आला. "चला, येक डोळा मिटायचा तरास वाचला," म्हणून स्वतःच हसला. ऐरणीवर वाकडा चिमटा टाकून घण उचलला, तर घाव चार बोटं बाजूला पडला. दुसरा स्वतःच्या अंगठ्यावर. एका डोळ्याला अंतर कळत नाही. तिसऱ्या घावाला घण त्यानं बोळात फेकून दिला. समोरचा बोहारी पळाला. पुढं आठ दिवस तो नुसता स्टुलावर बसायचा, तिच्या डाव्या हाताला, नेहमीच्या जागी, आणि मनाशी त्या दिवसाचे फेरे मोजायचा. कारण कान त्याचे शाबूत होते, आणि कानांनी त्या दिवशी जे ऐकलं होतं ते तो विसरला नव्हता.

नवव्या दिवशी दुकानात कुणी नसताना त्यानं विचारलं. मुद्दाम मोठ्यानं, तिला ऐकू जावं म्हणून.

"त्या पोराला मागं सर म्हनालीस."

आफरीनचा हात थांबला. "व्हय."

"म्हंजी तुला ठावं हुतं, त्यात हवा हाय ते."

"ठावं हुतं, अब्बा."

"त्याला सांगितलंस. परक्या पोराला. मग बापाला का न्हाई सांगितलंस?"

तिनं पाना खाली ठेवला. ओढणी मागं सारून डाव्या कानावर बोट टेकवलं.

"तुमाला मागल्या खेपेला सांगितलं हुतं."

हुसेनसाब उठला. हात वर गेला, जसा आयुष्यभर जात आला होता. आफरीन हलली नाही, डोळेही मिटले नाहीत. तिनं ठरवूनच ठेवलं होतं की हा दुसरा कानही गेला तर जाऊ दे, पण आता खोटं बोलायचं नाही. तो हात तसाच वर राहिला. म्हाताऱ्याच्या काखेत घामाचा डाग होता. त्या हाताला आता तिचा गाल नेमका कुठं आहे ते कळत नव्हतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. मग हात खाली आला आणि शिकंज्याच्या दांड्यावर टेकला.

त्याच दुपारी नातेपुत्याहून एक जण आला, तोही हवेचा चिमटा घेऊन. मंगळवारीच, शुक्रवारची वाट न बघता. आफरीननं तो फडक्यावर ठेवला आणि खणातला पंप उघडपणे बाहेर काढला. हुसेनसाबनं तो पंप पहिल्यांदाच बघितला, पण कधी आणला, कुणाला विचारून आणला, यातलं त्यानं काहीच विचारलं नाही.

तो उठला आणि स्टूल हातात घेऊन तिच्या मागून फिरून उजव्या बाजूला येऊन बसला. तिथून त्याचं बोललेलं तिला नीट ऐकू जाणार होतं. पण त्या बाजूला बसलं की त्याचा गेलेला डोळा तिच्याकडं येत होता आणि ती त्याला दिसतच नव्हती. तिला बघायचं तर मान पार वळवावी लागणार होती.

त्यानं ती वळवली. गिऱ्हाईक समोरच उभं होतं.

"बोल," तो म्हणाला.

आफरीननं झाकण फिरवून काढलं.

"आदी हवा सोडायची," ती म्हणाली.