जीभ आणि पेला

शिरूरजवळच्या आमच्या गावात गव्हाची मळणी सुरू झाली की कुणाच्या तरी डोळ्यात कुसळ जायचंच. मग हाक माझ्या आईला. ती पापणी उचलायची आणि जिभेच्या टोकानं कुसळ अलगद काढायची. आम्ही बौद्धवाड्यातले. गावातली बागायतदार माणसं डोळा तिच्या तोंडापुढं धरायची, पण तिला पाणी द्यायची ते वरून, ओंजळीत. पेल्याला तिचे ओठ चालत नसत. आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

मी पुण्यात नर्सिंग शिकत होते, तेव्हाची गोष्ट. आई ज्यांच्या रानात राबायची त्या आप्पांच्या बायकोला कुंपण घालताना डोळ्यात बाभळीचा काटा लागला. आईनं डोळा बघितला आणि हात मागं घेतला.

"आप्पा, काटा आत घुसलाय. म्या जीभ लावायची न्हाई. आजच्या आज दवाखान्यात न्या."

नेलं नाही. तीन दिवस मेडिकलमधले थेंब घातले. काट्याबरोबर जंतू डोळ्याच्या आत गेले होते. आत पू झाला, डोळा गेला. डॉक्टरांनी कारण स्पष्ट सांगितलं होतं. तरी आप्पा गावभर सांगत सुटले, "हिच्या जिभेनं डोळा नासला!"

जी लावलीच नाही त्या जिभेनं! वर्षभर कुणी तिच्यापुढं डोळा धरला नाही. राबायला मात्र बोलावत होते.

मी आईवरही चिडले. जिभेवर जंतू असतात, त्यानंही डोळा जाऊ शकतो, हे मी शिकले होते. "कशाला लावत होतीस जीभ त्यांच्या डोळ्यांना?"

"कुनी डोळं चोळाय लागलं की मला बघवत न्हाई, बाई."

पुढच्या मळणीला मी सुट्टीत तिची भाकरी घेऊन खळ्यावर गेले होते. आप्पांच्याच डोळ्यात कुसळ गेलं. इकडंतिकडं बघून ते हळूच आईजवळ आले.

"काढ की गं."

"आदी चूळ भरती. तोंडात जंतू असत्यात म्हनं." आईनं माठावरच्या पेल्याकडं बोट केलं. "त्यो द्या."

आप्पांनी पेल्याकडं बघितलं. डोळ्यातून धार लागली होती.

"ओंजळ धर," ते म्हणाले.

आईनं ओंजळ धरली नाही. ती पोती शिवायला बसली. आप्पा तसेच एका गड्याच्या मोटारसायकलवर मागं बसून शिरूरच्या दवाखान्यात गेले.

लगेच गेले. बायकोच्या डोळ्याला तीन दिवस लागले होते.