हात न लावता चढलेलं विमान

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी आधी चहा मागवतो, मग उलटतपासणी घेतो. आता माझी घ्या... हरकत नाही.

मी कारेगावात राहतो. हॉलमध्ये कॉम्प्युटर, जॉयस्टिक आणि फ्लाइट सिम्युलेटर — पन्नाशीतला छंद. माझी भाची सायली सुट्टीत खुटबावहून येऊन त्यावरच शिकली आणि पायलटच्या कोर्सला निवडली गेली. अडून बसले तिचे वडील, आमचे दाजी. "खेळण्यावर शिकलेली पोर खऱ्या इमानात बसवू व्हय?"

म्हणून रविवारी दुपारी दोघांना बोलावलं. दाजींना म्हटलं, हा खेळ खोटं बोलत नाही. दोन सीटचं विमान चौदा हजार फुटांच्या आसपास दमतं; हवा विरळ होते, इंजिनाला धाप लागते. इथंही तसंच होतं, बघा. सायलीनं चढवलं. विमान बरोबर तिथंच अडलं. मी टाळी वाजवणार होतो...

पण दाजी पडले ऊसवाले. कारखान्याचा वजनकाटा आधी रिकामा बघितल्याशिवाय ते ट्रॅक्टर वर घेऊ देत नाहीत. म्हणाले, "हात काढ. रिकामं बघू दे."

सायलीनं हात काढला. आणि विमान चढायला लागलं.

वीस हजार. तीस हजार. स्क्रीनवरचं आभाळ काळसर झालं. दाजींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी टेबलाखाली कळ दाबून बसलोय. मी दोन्ही हात वर केले. तेवढ्यात आम्हा तिघांच्याही कानांना दडे बसले — आणि टीपॉयवरचं वेफर्सचं बंद पाकीट उंच घाटात फुगतं तसं टम्म फुगलं.

"मामा, हे बरोबर नाही," सायली म्हणाली. तिनं शांतपणे पॉवर कमी केली, नाक खाली घेतलं. विमान उतरलं तसे कान मोकळे झाले, पाकीट सैल पडलं.

मी वारा, सेटिंग, वायरी, सगळं तपासलं. दाजींचे खिसेही तपासले असते, पण नातं आडवं आलं.

दाजी उठले. चपला घालताना लेकीला म्हणाले, "यंत्र तुझ्या मामासारखंच हाय, भरवशाचं न्हाई. पन ते बिघडलं तवा तू घाबरली न्हाईस. जा."

सायली कोर्सला गेली. त्यानंतर मी एकट्यानं कितीदा तरी हात काढून बघितलं. विमान चौदा हजारांच्या वर सरकत नाही. दाजींचा संशय अजून माझ्यावर आहे, माझा दाजींवर. पण खरं सांगू... ते माझ्या घरी आले की सिम्युलेटर चालू करायची माझी छाती होत नाही.