लेबलावरचा हत्ती

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात मी ऑर्डरींचं काम बघते. मागच्या वर्षी आमच्या ऑफिसात एक नवीन मुलगी आली. होटगीहून रोज स्कूटीवर यायची. चादरींचे फोटो काढून इंटरनेटवर टाकायचे, हे तिचं काम. पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता ती म्हणाली, "मॅडम, माझा एक हॉट टेक आहे."

मला वाटलं, डब्यात काहीतरी गरमागरम आणलंय. मी झाकण पुढं केलं.

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग समजावून सांगायला लागली. हॉट टेक म्हणजे मत. पण साधं नाही. ऐकणाऱ्याच्या डोक्यात तिडीक गेली पाहिजे असं. पुरावा असो नसो, ठणकावून सांगायचं आणि मजा बघायची.

"म्हणजे कसं?"

"शेंगाचटणी भाकरीपेक्षा ब्रेडबरोबर भारी लागते."

आमच्या टेबलावर एकदम कल्ला झाला. पॅकिंगवाल्या मावशींनी तर घास खाली ठेवला. "आगं, सोलापूरची हायस का न्हाईस?" म्हणाल्या. मुलगी टाळ्या वाजवत म्हणाली, "बघा! हाच हॉट टेक!"

मग काय, प्रत्येकीला चेव आला. मावशी म्हणाल्या, लग्नातलं जेवण पंगतीपेक्षा बुफेत बरं, कुणी आग्रह करत न्हाय. मी म्हणाले, कडक भाकरी चार दिवसांची होईपर्यंत खाऊच नये. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

टेबलाच्या टोकाला आमचे मागांचे मास्तर बसायचे. साठीला आलेले, घरी तेलुगू बोलणारे. तीन पिढ्या विणकामातल्या. दिवसभरात चार वाक्यं बोलले तर खूप. त्यांनी डबा बंद केला, हात पुसले आणि म्हणाले, "मी पण सांगू का एक?"

आम्ही सगळ्या त्यांच्याकडं वळलो.

"आपली चादर लई टोचती. मी घरी पांघरत न्हाय."

चादरीच्या कारखान्यात हे वाक्य! मावशींनी तोंडावर पदर धरला. आणि तेवढ्यात माझं लक्ष दाराकडं गेलं. दारात मालक उभे होते. कधीपासून, कुणास ठाऊक.

मालक आत आले. "मास्तर, परत म्हणा."

मास्तर उठून उभे राहिले. पण माघार नाही. "टोचती, साहेब. सूत जाड हाय. रंगाला, टिकायला एक नंबर. पण अंगाला टोचती की."

मालक खुर्ची ओढून बसले. टेबलावर पुढं झुकून हळूच म्हणाले, "माझी बायकोपण हेच म्हणते. आमच्या घरी ब्लँकेट आहे."

एक क्षण कुणालाच हसायचं धाडस होईना. मग आधी मास्तरच हसले, आणि सगळ्या टेबलावर हशा पिकला. त्या हसण्याच्या भरात मला काय झालं देव जाणे. अकरा वर्षं पोटात ठेवलेलं मी बोलून गेले, "साहेब, आपल्या लेबलावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो."

"तो मी काढलाय," मालक म्हणाले.

मी घाईघाईनं डबा आवरायला लागले. मालकांनी पॅकिंगमधून एक लेबल मागवलं. जवळ धरून बघितलं, लांब धरून बघितलं, उलटं केलं. "सोंड जरा आखूड झाली खरी," म्हणाले. मावशींनी बघितलं आणि म्हणाल्या, "जरा न्हाय साहेब, सोंडच न्हाय ती." आता मालकांनाही हसू आवरेना.

त्या दुपारी माग अर्धा तास उशिरा सुरू झाले. पुढच्या महिन्यात मास्तरांनी बारीक सुताचा नमुना विणला, आणि त्या मुलीनं नवा हत्ती काढला. लांब सोंडेचा.

एकदा मास्तरांनी तिला विचारलं, "हॉट टेक आन् खरं बोलणं, यात फरक काय गं?"

ती म्हणाली, "हॉट टेक चिडवायला असतो, मास्तर. तुम्ही मात्र खरं बोलून सगळा खेळच बिघडवला."

मास्तरांना ते फारच आवडलं. आता जेवणाच्या सुट्टीत सगळ्यात आधी तेच येऊन बसतात, आणि आम्ही डबे उघडायच्या आत त्यांचं सुरू होतं. परवा म्हणाले, क्रिकेट हा बसून बघायचा खेळच न्हाय, झोपून बघायचा हाय. पॅकिंगची निम्मी माणसं त्यांच्यावर तुटून पडली, आणि मास्तर भाकरी मोडत लहान पोरासारखे खुसूखुसू हसत होते.